‘जातो’ म्हणायचं नाही

गुरुलिंग सर फार साधे आहेत, असं जो कुणी म्हणतो त्यानं त्यांच्याबरोबर एक महिना काम करून दाखवावं. मी कित्येक वर्षं करते आहे. एका शब्दावरून हा माणूस दोन-दोन दिवस कुणाशी बोलत नाही. पुढ्यात चहा ठेवला तर तो थंड होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसतो. आणि जिथं खरंच अडून बसायला हवं, तिथं मान खाली घालून ‘बरं’ म्हणून मोकळा होतो. त्यांचा हट्ट मी सहन केला. त्या ‘बरं’चा राग मात्र अजून गेलेला नाही.

सोलापुरात शुक्रवार पेठेत भांड्यांच्या दुकानावर एक लांबट खोली आहे. तिथं सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. मी अनिसा आणि माझा धाकटा भाऊ मोईन, आम्ही दोघं त्यांचे विद्यार्थी. मोईन प्रोग्रॅम लिहायला शिकला, मी कॉम्प्युटरवर चित्रं काढायला. पुढं सगळ्यांच्या हातात फोन आले, क्लासला येणारी पोरं आटली आणि खोलीत आम्ही तिघंच उरलो. रिकामे बसलेले तीन लोक काय करतील? आम्ही गेम करायला घेतला.

त्याचं नाव ‘बारा वेशी’. ज्यांनी असले खेळ कधी खेळले नाहीत त्यांच्यासाठी एकदाच सांगते. यात तुम्ही एक पात्र होता. तलवारबाज व्हा, वैदू व्हा, नाहीतर मंत्र येणारी पोरगी व्हा. मग बारा वेशींच्या एका जादूच्या राज्यात फिरायचं, राक्षसांशी लढायचं, भेटेल त्याच्याशी बोलायचं आणि एकेक वेस उघडत जायचं. तुम्ही कुणाला काय उत्तर दिलं, कुणाला मदत केली, त्यावर गोष्ट वळते. एका भागात दोन-तीन वेशी उघडतात. आजवर चार भाग झाले, आणि ही सगळी कटकट पाचव्याची आहे.

गोष्ट आणि संवाद सगळे सरांचे. पहिल्या वेशीच्या आत एक खानावळ आहे आणि ती चालवणारी एक म्हातारी आहे. तिचं नाव आव्वा. लढून दमलात की तिथं यायचं, भाकरी खायची, म्हणजे जखमा भरतात आणि तुमचा तोवरचा खेळ जपून ठेवला जातो. दुसरीकडं कुठंही जपला जात नाही. ही खानावळ सुचायला सरांना फार डोकं चालवावं लागलं नाही. आव्वा म्हणजे कानडीत आई, आणि सरांच्या आईनं, बसम्मामावशींनी, अक्कलकोटला मठाजवळच्या बोळात उभा जन्म खानावळ चालवली.

तिथला एक नियम होता. जेवून उठणाऱ्यानं ‘जातो’ म्हणायचं नाही, ‘येतो’ म्हणायचं. तसं ते घरोघरी म्हणतात, पण मावशींचं जरा जास्तच होतं. कुणी परगावचा भाविक ‘बराय, जातो’ म्हणाला की त्या त्याला उंबऱ्यावरून परत बोलवायच्या, पाटावर बसवायच्या, घोटभर पाणी प्यायला लावायच्या. “जातो न्हाय म्हनू रं बाळा. जानारी मानसं येगळी. येतो म्हन की.” तो ‘येतो’ म्हणाला की त्या म्हणायच्या, “होगि बा.” म्हणजे जाऊन ये. मगच त्याला सोडायच्या. मग त्याची एस.टी. चुकली तरी त्यांना त्याचं काही नसायचं.

तर पहिल्या भागात खेळ बंद करायच्या बटणावर सरांनी लिहिलं, ‘येतो’. ते दाबलं की मावशींच्या आवाजात ‘होगि बा’ ऐकू येतं आणि पडदा काळा होतो. मोईन तेव्हाच म्हणाला होता की सर, लोक फसतील. सर म्हणाले, “मग काय ‘जातो’ लिहू? आव्वा घराची पायरी चढू देईल का मला?”

लोक फसलेच. नागपूरच्या, मुंबईच्या पोरांना वाटलं, ‘येतो’ म्हणजे आत यायचं. त्यांनी भाकरी खायच्या आधी, दारातच उत्साहानं बटण दाबलं, म्हातारीनं त्यांना निरोप दिला आणि अख्ख्या दुपारचा खेळ पाण्यात गेला. लोकांच्या निरोपांना उत्तरं मी द्यायचे, त्यामुळं शिव्या खायचं काम माझ्याकडं होतं. पण मग काय झालं कुणास ठाऊक, त्या फसण्याचीच गंमत होऊन बसली. जो एकदा ‘येतो’ दाबून फसला तो आपला, असं लोक म्हणू लागले. लग्नाच्या मांडवातून निघताना पोरं एकमेकांना ‘होगि बा’ म्हणू लागली. ज्यांना कानडीचं अक्षर येत नाही तीसुद्धा.

आमचं दुखणं तिथूनच सुरू झालं. दुसऱ्या भागात लढाईची पद्धत बदलली, तर म्हणाले, पहिल्यासारखी मजा नाही. तिसऱ्यात परत पहिल्यासारखी केली, तर म्हणाले, यांना नवीन काही सुचतच नाही. ‘आपल्या सूचनेचा विचार करू’ हे एकच उत्तर मी दोन्हीकडच्यांना पाठवायचे. चाहता म्हणजे काय चीज असते हे मला या कामानं शिकवलं. त्याला तीच भाकरी हवी असते आणि ती आपण आजच पहिल्यांदा खातोय असंही वाटायला हवं असतं. आता हे कुठल्या चुलीवर जमायचं? मी सांगायचे, सर, तुम्ही हे वाचू नका. ते सगळं वाचायचे आणि मग दोन दिवस गप्प.

चौथ्या भागाला बाहेरगावची एक कंपनी सोबत आली. सगळ्या महाराष्ट्रात खेळ पोचवायचा तर तो सगळ्यांना कळला पाहिजे, असं गोड बोलून तिनं दोन गोष्टी बदलल्या. ‘येतो’च्या जागी ‘बाहेर पडा’ आलं, आणि मावशींच्या जागी शिकलेल्या गळ्याची एक बाई आली. ती ‘पुन्हा या हं’ असं म्हणायची. झालं. लोकांनी आम्हाला सळो की पळो करून सोडलं. माढ्याचा शहाजी तर मोटारसायकल काढून थेट खोलीवर आला. हा साखर कारखान्यात वजनकाट्यावर नोकरीला, अंगानं आडवा, आणि आमच्या जुन्या खेळाडूंच्या मंडळाचा स्वतःहून झालेला पुढारी. दारातूनच म्हणाला, “तुमी आमची आव्वा मारली.”

शेवटी सरांच्या हट्टापायी कंपनी गेली, बटण परत आलं, मावशींचा आवाज परत आला. लोक खूश झाले. मोईन पेढे आणायला निघाला तर सरांनी त्याला अडवलं. “कशाचे पेढे? आहे तिथंच येऊन बसलो की आपण,” असं म्हणाले. मला तेव्हा ते उगाच कुरकुरल्यासारखं वाटलं.

घरी वेगळंच चाललं होतं, ते मला मागून कळलं. गुडघे गेल्यावर मावशींनी खानावळ बंद केली होती आणि त्या सोलापुरात सरांकडं राहायला आल्या होत्या. सरांनी लग्न केलेलं नाही, त्यामुळं घरात दोघंच. मावशींना वाचता येत नाही, पण सर घरी खेळ तपासत बसले की त्या खुर्ची ओढून शेजारी बसायच्या. राक्षसांत त्यांना काडीचा रस नव्हता. पहिल्या भागापासून त्यांचा एकच प्रश्न असायचा. “ही म्हातारी कवा जानार रं भाईर? समदी येत्यात, जेवत्यात, येशीभाईर पडत्यात. हिला काय डोंगर बघू वाटत न्हाय व्हय?”

सुरुवातीला सर हसायचे. चौथ्या भागानंतर त्यांचं हसणं बंद झालं. एकदा मला म्हणाले, “अनिसा, शाळेत असताना आमची सहल विजापूरला गोलघुमट बघायला गेली होती ना, तेव्हा सगळ्या वर्गाची भाकरी आव्वानं बांधून दिली होती. तिनं स्वतः तो घुमट अजून बघितलेला नाही. खानावळीला सुट्टी कुठं होती?”

“मग आता न्या की त्यांना,” मी म्हणाले.

“आता गुडघे नाहीत,” सर म्हणाले आणि कीबोर्डकडं वळले.

पाचवा भाग त्यांनी त्या दिवशी लिहायला घेतला. त्याची सुरुवात अशी होती. तुम्ही खानावळीत येता तर आव्वानं चूल विझवलेली असते. ती फडक्यात भाकरी बांधते, उंबऱ्यावर उभी राहते आणि तुम्हाला म्हणते, “येते.” पडद्यावर बटण येतं, ‘होगि बा’. ते तुम्ही दाबायचं. मग आव्वा वेशीबाहेर पडते आणि खानावळ तुमच्या गळ्यात येते. येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवू घालायचं, राक्षस दारात आले तर तिथूनच लढायचं, आणि प्रवासी आव्वाची जी खबर आणतील ती ऐकायची. शेवटची वेस तीच उघडते, बाहेरच्या बाजूनं. सरांनी आजवर लिहिलेल्यात हे सगळ्यात चांगलं होतं. मी वाचलं आणि तिथंच रडले, आणि मी काही ऊठसूट रडणारी बाई नाही.

मावशींना हे कळलं तेव्हा त्यांनी मला घरी बोलावून घेतलं. ट्रंकेतून एक मोरपंखी इरकल काढलं, लाल पदराचं. “म्हातारी भाईर जाती तर हे नेसून जाऊ दे. पीठ लागलेल्या लुगड्यावर नगं काडू तिला.” ते त्यांनी कधी नेसलं होतं असं विचारलं तर म्हणाल्या, “कुटं नेसू? चुलीफुडं?” मी ते इरकल मांडीवर घेऊन त्याचे काठ तसेच्या तसे काढले. रंग जुळेपर्यंत मावशींनी मला उठू दिलं नाही.

मग आम्ही तयार झालेला थोडा भाग जुन्या खेळाडूंना चाचणीला पाठवला. अशी पद्धत असते, आधी ओळखीच्यांना खेळायला द्यायचं. दुसऱ्या दिवशीपासून माझ्या फोनला उसंत नाही. ‘म्हातारीला परत आणा.’ ‘आम्ही काय भाकऱ्या थापायला गेम घेतो का?’ ‘तुम्हाला आमच्या भावनांची काही किंमत आहे का?’ एकानं लिहिलं, ‘आव्वाच बाहेर गेली तर घरात राहिलं काय?’ मी त्याला लिहायला घेतलं की बाबा रे, हा प्रश्न आधी तुझ्या घरी विचारून बघ. मोईननं माझ्या हातातून फोन काढून घेतला. चौथ्या भागात आम्ही आव्वा बदलली म्हणून हेच लोक चिडले होते. आता ती जिवंतपणी, स्वतःच्या मनानं, चार पावलं चालली तरी यांना खपेना.

आणि मग शहाजी आला. या वेळी तो दारातून ओरडला नाही. चपला काढून आत आला, बसला, पाणी प्यायला.

“सर, तुमी काय बी बदला,” तो म्हणाला. “तलवार बदला, राक्षस बदला, येशी वीस करा. आव्वा तेवडी हलवू नका.”

“का पण?” मीच बोलले. “तिनं काय पाप केलंय?”

“ताई, माजी आई गेली. तवापास्नं घरातनं निगताना ‘येतो’ म्हनायला कोन न्हाय. बायको बिचारी पोरांच्या शाळेच्या गडबडीत असती. मी कामाला निगायच्या आदी गेम लावतो, खानावळीत जातो आन् ‘येतो’ दाबतो. खेळत बी न्हाय. तेवडं ‘होगि बा’ ऐकतो आन् गाडीला किक मारतो. आता तुमी म्हनताय, आव्वा जानार आन् मी तिला होगि बा म्हनायचं. एकदा म्हटलं की मी. अजून किती डाव म्हनू?”

हे त्यानं मान वर करून, भांडायच्या सुरातच सांगितलं. रडला असता तर मला सोपं गेलं असतं. मला त्या माणसाचा संताप आला होता आणि आता तो करायची सोय उरली नव्हती. ‘आपल्या सूचनेचा विचार करू’ असं काय सांगणार होते मी त्याला?

सरांनी त्याला विचारलं, “तुमच्या आई कुठं कुठं गेल्या होत्या हो?”

“म्हंजी?” शहाजीला प्रश्नच कळला नाही. “घरीच की. आई कुटं जाती?”

शहाजी उठला, चपला घातल्या, म्हणाला, “येतो सर.” सर खिडकीबाहेर बघत होते. तसंच बघत ते म्हणाले, “होगि बा.”

तो गेल्यावर मोईन मला बाजूला घेऊन म्हणाला, “आपा, तुमीच बोलो सर कू. मेरे कू नक्को.” त्याच्या डोक्यात एक तोड होती. सुरुवातीलाच दोन पर्याय द्यायचे, आव्वा जाणार की राहणार. ज्याला जे हवं ते त्यानं निवडावं. सगळे खूश. कागदावर चांगलं दिसत होतं, म्हणून मी ते सरांना सांगितलं.

सर माझ्याकडं वळले. “आईनं बाहेर जावं की नाही, याचं बटण करायचं? आणि ते पोरांच्या हातात द्यायचं?”

“मग काय करायचं सांगा.”

“बरं,” सर म्हणाले. “राहू दे तिला. ठेवा खानावळीत.”

तिथं माझा तोल गेला. “सर, एका ‘येतो’साठी तुम्ही चार भाग आमचा जीव खाल्लात! कंपनी घालवलीत! आणि आता खरी गोष्ट लिहिलीत तर शेपूट घालताय?” विद्यार्थिनीनं असं बोलू नये हे मला कळत होतं. पण वर्षानुवर्षं लोकांच्या शिव्या मी ऐकल्या होत्या, एवढं बोलायचा हक्क मला होता.

“अनिसा, त्याची आई गेली आहे,” सर म्हणाले.

“आणि तुमची?”

सरांनी मोईनला हातानंच खूण केली. मोईननं आव्वाच्या प्रवासाचा सगळा भाग काढून टाकला आणि मी इरकलातली चित्रं बाजूला ठेवली. आव्वा पुन्हा पीठ लागलेल्या लुगड्यात चुलीपुढं बसली. मंडळाला तसं कळवलं, तर त्यांनी आमच्यावर फुलं उधळायची तेवढी बाकी ठेवली. ‘चाहत्यांचं ऐकणारी माणसं,’ असं आमचं कौतुक झालं. सरांनी तेही वाचलं.

नव्या भागात खानावळीत थोडं नवीन बोलणं हवं होतं, म्हणून मावशींचा आवाज घ्यायचं ठरलं. आमच्याकडं स्टुडिओ कुठला? खोलीच्या भिंतींना चादरी ठोकायच्या, खिडकी लावायची, पंखा बंद करायचा आणि खालच्या दुकानदाराला थोडा वेळ भांडी आपटू नका म्हणून सांगून यायचं. मी सरांना आदल्या दिवशी विचारलं होतं, मावशींना सांगितलंत ना? ते “हो” म्हणाले. त्यांनी सांगितलं होतं ते एवढंच की आव्वा, उद्या आवाज द्यायला यायचंय.

मावशी जिना चढून वर आल्या. कठड्याला धरून, प्रत्येक पायरीवर दम खात. अंगावर मोरपंखी इरकल होतं, लाल पदराचं. केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला होता. मोईननं माझ्याकडं बघितलं, मी सरांकडं. सर वायर सोडवत बसले होते आणि ती वायर काही गुंतलेली नव्हती.

मावशी माइकपुढं बसल्या. त्यांना वाचता येत नाही, म्हणून सर एकेक वाक्य सांगायचे आणि त्या म्हणायच्या. “ये बाळा, बस.” “हात धू, भाकरी गरम हाय.” “लई लागलंय की रं तुला.” “घे अजून एक, लाजू नगं.” आवाज अजून तसाच होता, खणखणीत. मग सरांनी सांगितलं आणि त्यांनी म्हटलं, “होगि बा.” मोईननं मान हलवली, झालं म्हणून.

मावशी बसूनच राहिल्या.

“आन् माजं?” त्यांनी विचारलं. “म्हातारीनं ‘येते’ कवा म्हनायचं?”

खोलीत उकडत होतं. मी चादरीच्या कोपऱ्याकडं बघत होते.

“ते आत्ता नाही, आव्वा,” सर म्हणाले. “पुढच्या भागात घेऊ.”

मावशींनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडं बघितलं. तिथं आव्वा चुलीपुढं बसलेली होती. कुठलं लुगडं आहे ते कळायला वाचता यायची गरज नव्हती.

“कोन नगं म्हनलं?” त्यांनी विचारलं.

“लोक,” सर म्हणाले.

“जेवायला येनारी?”

“हं.”

“बरं,” मावशी म्हणाल्या. ते ‘बरं’ सरांनी कुणाकडून घेतलं ते मला त्या क्षणी समजलं. त्यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला, पदर सारखा केला आणि उठल्या. मी हात पुढं केला तो त्यांनी धरला नाही. सर दारापाशी जाऊन उभे राहिले होते. त्या ‘येते’ म्हणतील आणि आपण काय म्हणायचं, हे त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं.

“जाते मी,” मावशी म्हणाल्या.

सरांनी त्यांना उंबऱ्यावरून परत बोलवायला हवं होतं. बसवायला हवं होतं, घोटभर पाणी द्यायला हवं होतं. नियमच तसा होता, आणि पाण्याचा माठ तिथं हाताशीच होता. आमच्यातलं कुणीच जागचं हललं नाही. मावशी कठड्याला धरून एकेक पायरी खाली उतरत गेल्या.